सव्वीस तासांची संकष्टी

मुंबई ते टोरांटो हे अंतर आकाशमार्गे साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. हे मी सांगत नाही, माझा नवरा सुहास सांगतो. तिकिटं काढली त्या दिवसापासून त्याला एक नवाच नाद लागला होता. फोनवर कुठल्याशा साइटवर दोन विमानतळांची नावं टाकायची आणि मधलं अंतर आधी किलोमीटरमध्ये, मग मैलांमध्ये, मग समुद्री मैलांमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचं. शेवटी एक ओळ असायची: उड्डाणाचा वेळ अंदाजे साडेपंधरा तास. ही ओळ वाचताना तो असा काही आवाज लावायचा, की जणू विमान तोच चालवणार आहे. प्रत्यक्षात तो येणारसुद्धा नव्हता. जाणार होतो आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आई म्हणते. आई अडुसष्ट वर्षांच्या, विमानात पहिल्यांदाच बसणार. त्यांचं अंतराचं माप वेगळं आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे आपलं गाव किती वेळा? आमचं गाव देवगडजवळ, आम्ही राहतो त्या मुंबईतल्या नाहूरपासून साडेचारशे किलोमीटर. सुहासने भागाकार केला आणि अठ्ठावीस वेळा असं उत्तर दिलं. आईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. एसटीला गावाला जायला अकरा तास लागतात, तेव्हा हा प्रवास बारा-तेरा दिवसांचा झाला. तो एका दिवसात होणार हे काही त्यांना पटेना.

"तेरा दिवसांचो प्रवास एका दिवसात होता," त्या म्हणाल्या, "म्हणजे मधला कायतरी खयतरी रवता."

मधलं काहीतरी कुठेतरी राहून जातं, या तर्काला आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण मी मुलुंडच्या एका शाळेत अठरा वर्षं भूगोल शिकवते. रेखावृत्तं, स्थानिक वेळ, एका अंशाला चार मिनिटं, हे सगळं मी झोपेतसुद्धा फळ्यावर लिहू शकते. त्यामुळे या प्रवासात घड्याळाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. पुढे जो घोळ झाला त्यात माझ्या या विद्वत्तेचा मोठा वाटा आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

आम्ही जात होतो नितीनकडे. नितीन माझा धाकटा दीर, नऊ वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. गेल्या गेल्या पहिल्याच महिन्यात बर्फावरून घसरला आणि मनगटाला प्लास्टर घालून खोलीत एकटा बसला. फोनवर बोलताना त्याने ते हसण्यावारी नेलं, पण आईंनी त्या महिन्यापासून त्याच्यासाठी संकष्टी धरली. दिवसभर उपास, चंद्र उगवला की त्याला अर्घ्य द्यायचं आणि मग जेवायचं. नऊ वर्षांत एक चुकली नाही. तापात नाही, गावच्या लग्नात नाही. नितीन मध्ये दोनदा येऊन गेला, पंधरा-पंधरा दिवसांसाठी, आणि दोन्ही वेळा नेमकी संकष्टी हुकली. म्हणजे ज्याच्यासाठी उपास, तो उपास सोडताना कधी पानावर नव्हताच.

म्हणून तिकिटाची तारीख आईंनी स्वतः ठरवली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या एका बुधवारी संकष्टी होती. त्याच दिवशी निघायचं, त्याच दिवशी पोचायचं आणि नितीनला शेजारी बसवून उपास सोडायचा. मी म्हटलं, अगदी जमेल. तिथे संध्याकाळी पावणेसातला उतरतो, चंद्रोदय आठ पंचेचाळीसला, चांगले दोन तास हाताशी आहेत. आठ पंचेचाळीस ही वेळ मुंबईची आहे, हे भूगोलाच्या बाईंच्या लक्षात यायला लंडन उजाडावं लागलं.

नाहूर, बुधवार

सुहासच्या साइटवर नाहूरच्या घरापासून विमानतळापर्यंतचं अंतर दिलेलं नसतं. दिलं असतं तर त्यापुढे वेळ काय लिहिली असती देव जाणे, कारण संध्याकाळी त्याला दीड तास लागतो आणि पहाटे चारला पंचवीस मिनिटं. आम्ही पंचवीस मिनिटांत पोचलो. त्यामुळे आईंचा विमानप्रवासाबद्दल सुरुवातीलाच फार चांगला ग्रह झाला.

हातातल्या पिशवीत साबुदाण्याची खिचडी होती, भाजलेले शेंगदाणे होते, राजगिऱ्याचे आठ लाडू होते. आईंच्या पर्समध्ये तांब्याची छोटी, घट्ट झाकणाची लोटी होती, अर्घ्यासाठी, आणि ओल्या रुमालात गुंडाळलेल्या एकवीस दूर्वा. तपासणीवाल्या मुलीने लोटी यंत्रातून दोनदा फिरवली. मग स्वतःच विचारलं, आजी, संकष्टी का? तिचाही उपास होता. दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, की मागे खोळंबलेल्या रांगेलाही गप्प बसावं लागलं.

लाडवांचं वेळापत्रक मी केलं होतं, साडेतीन तासांना एक. खिचडी सकाळी नऊला, म्हणजे नऊ म्हणायला, कारण विमान सात वाजता उडालं आणि त्यानंतर नऊ वाजायचं नावच घेईना. आपण पश्चिमेला जातो तेव्हा घड्याळ मागे मागे सरकतं, हे मी मुलांना चेंडू आणि बॅटरी घेऊन दाखवते. पण तो चेंडू असतो. इथे खिडकीत सूर्य होता आणि तो सकाळभर एकाच जागी ठाण मांडून बसला होता. कॅस्पियन समुद्रावर खिचडी संपली. आईंसाठी मी आधीच फळांची थाळी सांगून ठेवली होती. ती आली तेव्हा तिच्यात कलिंगडाच्या तीन फोडी, चार द्राक्षं आणि एक गोल पाव होता. पाव मी खाल्ला. मी उपास करत नाही, आणि त्याबद्दल आई मला काही बोलतही नाहीत, फक्त बघतात.

लंडन, तोच बुधवार

लंडनला उतरलो तेव्हा आमच्या पोटात संध्याकाळ होती आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. पुढचं विमान पावणेचारला. बाकावर बसून मी जरा आकडेमोड केली, मग पुन्हा एकदा केली. मुंबईत चंद्र उगवेल तेव्हा इथे सव्वातीन वाजलेले असतील. टोरांटोत चंद्र उगवेल तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असेल. आईंचा उपास नेहमी पहाटेपासून सोळा-सतरा तासांचा असतो. हा सव्वीस तासांच्या घरात जात होता. लाडू उरले होते चार.

मी आईंना सगळं समजावलं. आईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, अठरा वर्षं तू शाळेत हेच शिकवतेस ना? मी लोटीत प्यायच्या नळाचं पाणी भरून आणायला उठले.

सव्वातीनला सुहासचा व्हिडिओ कॉल आला. तो आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभा होता. ऐरोलीच्या बाजूला, खाडीपलीकडच्या टॉवरांच्या मधून चंद्र वर येत होता, पिवळाधमक, एका बाजूने जरा चेपलेला. सुहास म्हणाला, आई, हा बघ चंद्र, नमस्कार कर आणि सोड उपास. इकडे आमच्या विमानाची शेवटची हाक चालू होती, पाठीवर सॅक, हातात पासपोर्ट. आईंनी फोनला हात जोडले. तेवढ्यात कॉल तुटला.

मला वाटलं, सुटलो. समोरच्या दुकानातून काहीतरी गोड घेऊ का म्हणून विचारलं. आईंनी मान हलवली.

"माका फोटोतलो चंद्र नको," त्या म्हणाल्या. "मी ज्येच्यासाठी उपास धरलंय, तो समोर होयो."

नितीन समोर हवा म्हणजे हवाच होता. मी त्यांची पर्स घेतली आणि आम्ही विमानात चढलो.

अटलांटिकवर, अजूनही बुधवारच

आमच्या रांगेत खिडकीपाशी एक उंचापुरा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. नाव ग्लेन. सीटवर बसताक्षणी त्याने पट्टा बांधला, डोळ्यांवर टोपी ओढली आणि झोपायच्या तयारीला लागला. मधे आई, कडेला मी. मलाही झोप अनावर झाली होती. विमान उडालं, ढगांच्या वर आलं, आणि खिडकीतून लाल उजेड थेट आमच्या मांडीवर पडला. सूर्य मावळतीला आला होता.

आईंनी हात जोडले, तोंडातल्या तोंडात दिवेलागणीचं म्हटलं आणि मला कोपर मारलं. तिन्हीसांजेला झोपायचं नसतं. मी उठून बसले. मग आईंनी जरा विचार केला आणि दुसरं कोपर ग्लेनला मारलं.

"तिन्हीसांजेक निजतत काय?" त्यांनी त्याला थेट मालवणीत विचारलं.

ग्लेनने टोपी वर केली. मी शरमेने अर्धी झाले आणि इंग्रजीत माफी मागत सगळं सांगितलं, की आमच्याकडे सूर्य मावळायच्या वेळेला झोपत नाहीत, केर काढत नाहीत, केस विंचरत नाहीत. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, ही वेळ किती असते? मी म्हटलं, अर्धा-पाऊण तास.

ही त्या दिवशीची माझी दुसरी चूक. आम्ही पश्चिमेला चाललो होतो, सूर्याच्या मागोमाग, जवळजवळ त्याच्याच वेगाने. सूर्य क्षितिजावर टेकला आणि टेकूनच राहिला. पाऊण तास झाला, तांबडं तसंच. दीड तास झाला, तांबड्याचं केशरी झालं. आयर्लंड मागे पडलं, खाली नुसतं पाणी, आणि आमच्या विमानात तिन्हीसांजा काही केल्या संपेना. इतर सगळे प्रवासी पांघरुणं घेऊन घोरत होते. आमच्या रांगेत तीन माणसं ताठ बसून सूर्याच्या बुडण्याची वाट बघत होती.

पण त्यामुळे ग्लेनशी बोलणं झालं. तो न्यूफाउंडलंडचा, त्याचे वडील आणि आजोबा मासेमार. मी उडालेच. त्या बेटाजवळची मासेमारी मी दरवर्षी शिकवते, दोन गुणांचा प्रश्न असतो. अठरा वर्षांत तिथला माणूस पहिल्यांदा भेटला. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे होडीवर शिट्टी वाजवायची नाही, वारा उठतो. आजोबांच्या होडीत त्याने लहानपणी एकदा शिट्टी वाजवली म्हणून त्याला दोन दिवस किनाऱ्यावर ठेवलं होतं. मी हे आईंना सांगितलं. आई म्हणाल्या, आमच्या गावातही दर्यावर जाताना मागून हाक मारत नाहीत. त्यानंतर दोघांचं जे जमलं त्यात माझी गरज फारशी उरली नाही. आईंनी त्याला एक लाडू दिला. आमच्या हिशेबातला एक लाडू गेला.

शेवटी एकदाचा सूर्य गेला. आता आईंनी चंद्राची चौकशी सुरू केली. मी समोरच्या पडद्यावरचा नकाशा दाखवला. चंद्र पूर्वेला उगवतो, आपण पश्चिमेकडे चाललोय, म्हणजे तो आत्ता विमानाच्या शेपटीमागे असणार, बाजूच्या खिडकीतून दिसायचा नाही. आईंनी शांतपणे पट्टा सोडला. मागे आहे तर मागे जाऊ, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

वरात निघाली. पुढे आई लोटी घेऊन, मागे मी, आणि आमच्यामागे ग्लेन, कारण त्याला जागेवर बसून राहवेना. विमानाच्या टोकाला जेवण गरम करतात तिथे दाराला एक टीचभर खिडकी आहे. तिथल्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिने दिवे मंद केले आणि आम्ही आळीपाळीने काचेला गाल लावून मागे बघायचा प्रयत्न केला. काळोख दिसला, पंखाचा दिवा दिसला. ग्लेनने मान इतकी वाकडी केली की ती पुढे तासभर त्याच अवस्थेत होती. चंद्र काही दिसला नाही.

परत येऊन बसल्यावर आईंनी लोटी मांडीवर धरली आणि डोळे मिटले. मला वाटलं थकल्या. हात बघितले तर गार होते. लाडू पुढे केला, त्यांनी अर्धा खाल्ला. मी विचारलं, आई, त्रास होतोय का? त्या म्हणाल्या, त्रास नाही, भीती वाटते. नऊ वर्षांत जे मोडलं नाही ते आज इतक्या उंचीवर माझ्या हट्टापायी मोडलं तर? मी लंडनलाच उपास सोडून निघाले असते तर बरं झालं असतं का?

विमानात बसल्यापासून मी सगळ्याची मजा बघत होते. ती मजा त्या प्रश्नाने संपली. मला आईंची इतकी कणव आली की मी त्यांचे दोन्ही हात माझ्या शालीत घेतले आणि उतरेपर्यंत सोडले नाहीत.

टोरांटो, बुधवार संपता संपत नाही

टोरांटोच्या विमानतळावर एक अर्ज असतो, त्यात झाडंझुडपं, बिया, माती आणलीय का ते लिहायचं. मी प्रामाणिकपणे दूर्वा लिहिल्या. अधिकाऱ्याने रुमाल उघडून एकवीस हिरव्या काड्या पाहिल्या आणि हे काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, देवाचं गवत. ते आत नेता येणार नाही असं त्याने सांगितलं. आईंनी माझ्याकरवी एवढंच कळवलं की पायदळी येऊ देऊ नका. त्याने त्या कागदी रुमालात नीट घडी घालून बाजूला ठेवल्या. पुढे त्याने त्यांचं काय केलं ते माहीत नाही, पण आमच्यासमोर तरी फेकल्या नाहीत.

बाहेर नितीन दोन जाडजूड जाकिटं घेऊन उभा होता. केस विरळ झालेले, पोट जरा सुटलेलं. आईंनी त्याला जवळ घेतलं तेव्हा त्यांचं डोकं त्याच्या छातीशी आलं. नऊ वर्षांपूर्वी ते त्याच्या खांद्याशी यायचं, असं मला उगाच वाटलं. तो रडला. आई रडल्या नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, चंद्र कुठे दिसेल?

नितीनला काही कळलं नाही, पण तो आम्हाला पार्किंगच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेला, गाडी तिथेच होती. वरती उघडं आकाश आणि अशी थंडी की नाक आहे की नाही ते हात लावून बघावं लागावं. एका हॉटेलच्या पाटीशेजारून चंद्र हातभर वर आला होता. आईंनी चपला काढल्या. मी आणि नितीन एकदमच ओरडलो, पण त्या ऐकतात कुठल्या. मोज्यांवर उभं राहून त्यांनी लोटीतलं लंडनचं पाणी टोरांटोच्या सिमेंटवर सोडलं आणि डोळे मिटले. मी घड्याळ पाहिलं. पहाटे चारला घर सोडल्यापासून सव्वीस तास होऊन गेले होते.

"आई, हे कसलं?" नितीनने विचारलं.

"संकष्टी. तुझी."

नितीन आमच्या दोघींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, पण इथली संकष्टी काल होती."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याने फोन काढून तिथलं पंचांग दाखवलं, आणि ते वाचताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संकष्टी तारखेवर ठरत नाही. चंद्र उगवताना चतुर्थी असेल तो दिवस संकष्टीचा. ही चतुर्थी नाहूरला बुधवारी पहाटे दोनला लागली आणि त्या दिवशी चंद्र उगवून गेल्यावर मध्यरात्रीनंतर संपली. नाहूरला पहाटेचे दोन, तेव्हा टोरांटोत मंगळवारची दुपार. म्हणजे टोरांटोवर चतुर्थीचा चंद्र मंगळवारीच उगवून गेला. आज इथे चतुर्थी दुपारी अडीचलाच आटोपली होती. आईंनी आत्ता ज्याला अर्घ्य दिलं तो पंचमीचा चंद्र होता.

नितीनची कल्पना अशी, की आईंचा उपास लंडनलाच सुटला. सुहासने त्याला कळवलं होतं, आईने चंद्र बघितला, हात जोडले, काम झालं. म्हणून या पठ्ठ्याने घरी सुरमई आणून ठेवली होती.

आई सिमेंटवर तशाच उभ्या होत्या, हातात रिकामी लोटी. "म्हणजे माझो उपास मोडलो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

नितीन खाली वाकला, त्यांच्या पायांत चपला सरकवायला लागला. मान वर न करता म्हणाला, "मोडला नाही. काल मी धरला होता."

आईंनी वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू पहिल्यांदा विमानात बसणार म्हणून. भीती वाटत होती यार, दुसरं काय करणार इथून? फोनवर बघितलं तर काल संकष्टी. केली. घरातल्या एकाने केली की चालतं ना? दादा तापात असायचा तेव्हा त्याची चतुर्थी तूच करायचीस."

चालतं. आमच्याकडे एकाला जमलं नाही तर घरातला दुसरा धरतो आणि नेम चालू राहतो. आईंनी आयुष्यभर इतरांचे उपास असे सांभाळले होते. त्यांचा कोणी सांभाळावा असा प्रसंगच कधी आला नव्हता. त्या नितीनच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि आता मात्र रडल्या.

मग चौकशी झाली. दिवसभर काय खाल्लं? केळी, दूध, बटाटे. नितीनने चाचरत सांगितलं, की सकाळी ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस होता आणि सवयीने केकचा घास तोंडात गेला, आठवल्यावर कागदात काढून टाकला. आईंनी निकाल दिला की नकळत खाल्लेलं धरत नाहीत. माझ्या मात्र दुसरंच लक्षात आलं. काल मंगळवार होता. मंगळवारची संकष्टी म्हणजे अंगारकी, आणि एका अंगारकीला वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य. आईंनी सव्वीस तास ताटकळून पदरात पंचमी पाडून घेतली आणि या गाढवाने आयुष्यातला पहिलाच उपास केला तो थेट अंगारकीचा, वर केक खाऊन. हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्या थंडीत तिघंही इतकं हसलो, की पार्किंगमधला एक माणूस गाडीतून उतरून आमच्याकडे बघायला लागला.

आईंनी डोळे पुसले आणि लोटी नितीनच्या हातात दिली.

"फुडची संकष्टी तू धर," त्या म्हणाल्या. "माझी सुटली."

गाडीत बसल्यावर त्यांनी आज पंचमीच ना, असं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. घरी पोचल्यावर आधी वरणभात घेतला आणि मग सुरमईच्या तीन तुकड्या. नितीनच्या मिठाचा हात अजून सैल आहे, एवढंच बोलल्या.

टोरांटो, पुढचे वीस दिवस

वीस दिवसांत आम्ही सगळं पाहिलं. तिथलं सरोवर इतकं मोठं आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. आईंनी काठावर बसून बोट बुडवून चाटलं आणि खारट नाही म्हणून त्यांचा विश्वासच उडाला. मासळीबाजारात त्यांना मासा घेता आला नाही, कारण तिथे माशाला डोकं नसतं, आणि कल्ले उचलून बघितल्याशिवाय त्या मासा घेत नाहीत. प्रसिद्ध धबधबा पाहायला गेलो तेव्हा त्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं भारावल्या. त्या म्हणाल्या, एवढं पाणी आणि एक बाई भरायला नाही.

शेजारची म्हातारी रोज सकाळी स्वतःच्या दारातला बर्फ ढकलायची आणि मग न सांगता नितीनच्या दारातला. आईंनी तिला थालीपीठ नेऊन दिलं. तिने दुसऱ्या दिवशी थाळी धुऊन रिकामी परत केली. थाळी रिकामी परत करायची नसते हे तिला कोण सांगणार, असं म्हणून आईंनी तिसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाठवली.

परतीचं अंतरही तेवढंच, साडेबारा हजार. सुहासने फोनवर वाचून दाखवलं.

नाहूर

परत येऊन चार महिने झाले. आईंची संकष्टी खरंच सुटली. त्या दिवशी आता त्या आमच्यासारखं दुपारी पोळीभाजी खातात, रात्री वरणभात खातात. चंद्र ऐरोलीवर उगवतो आणि त्या टीव्हीसमोर बसलेल्या असतात. उपास तिकडे नितीन करतो, त्याच्या पंचांगाने, त्याच्या चंद्राने. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ.

परवा संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या घाईत स्वयंपाकघरात गेले. सात वाजून गेले होते. ओट्यावर आईंच्या चहाचं आधण तयार होतं, पण गॅस बंद. आई खुर्चीवर बसलेल्या, फोन मांडीवर. रोज सहाला चहा घेणारी बाई. मी विचारलं, बरं नाही का? त्यांनी हातानेच थांब म्हटलं. सात वीसला फोन वाजला. नितीनचा एवढाच मेसेज होता: ढग होते, वेळ बघून जेवलो.

आईंनी मला तो वाचायला लावला, दोनदा. मग उठल्या आणि गॅस पेटवला.